पाहुणा नेमका कोणाचा?



वादग्रस्त परदेशी वक्त्यांना देशात येऊ द्यावे का, हा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : आपल्या घरात कोणाला घ्यायचे ते घरमालकच ठरवणार. ऐकायला बिनतोड. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनच्या प्राध्यापक निताशा कौल यांना खुद्द कर्नाटक सरकारने संविधानावरच्या परिषदेसाठी बोलावले होते आणि केंद्राने त्यांना बेंगळुरूच्या विमानतळावरूनच परत धाडले. प्रवेश देणे-न देणे हा सार्वभौम निर्णय आहे, असे परराष्ट्र मंत्रालयाचे म्हणणे. म्हणजे मी जेवायला बोलावलेल्या माणसाला सोसायटीच्या सेक्रेटरीने गेटवरूनच वाटेला लावावे, तसे झाले!

कौल यांची काश्मीरवरची मते मला पटत नाहीत. राज्यघटनेचे भाषणस्वातंत्र्याचे कलम १९(१)(अ) फक्त नागरिकांसाठी आहे, तेव्हा त्यांना इथे भाषणाचा हक्क नाही, हेही कबूल. पण त्या सभागृहात बसणारे श्रोते तर नागरिकच होते ना? माहिती मिळवणे हा याच स्वातंत्र्याचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात सांगितले आहे. वक्त्याला गेटवर अडवले की खरा अडतो तो श्रोता.

नकोशा माणसाला असे परत धाडणे आपल्याकडे नवे नाही. मी तीसेक वर्षे मुंबईत फोर्टात बँकेत होतो. दुपारचा डबा हॉर्निमन सर्कलच्या बागेत. एकदा नव्याने लागलेल्या मुलाला विचारले, हॉर्निमन कोण रे? म्हणाला, ‘असेल कुणी गव्हर्नर.’ हॉर्निमन हे ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे इंग्रज संपादक. रौलेट कायद्याविरुद्ध आणि पंजाबातल्या दडपशाहीविरुद्ध लिहितात म्हणून एप्रिल १९१९ मध्ये सरकारने त्यांना बोटीत बसवून विलायतेला पाठवून दिले. त्याच साम्राज्याचे प्रजाजन, तरी इथे नकोसे. त्यांनी तिकडे जाऊन अमृतसरवर पुस्तकच लिहिले, १९२० साली, म्हणजे जे मुंबईत वाचायचे ते लंडनमध्ये छापले गेले. पुढे १९२६ मध्ये ते परतले. एल्फिन्स्टन या गव्हर्नरचे नाव पुसून त्या चौकाला आपण या हद्दपार माणसाचे नाव दिले आहे.

हॉर्निमन आपल्या बाजूचे, म्हणून हे सोपे जाते. अवघड उदाहरण घेऊ. नेदरलँड्सचा खासदार खेर्ट विल्डर्स इस्लामविरोधी लघुपट घेऊन फेब्रुवारी २००९ मध्ये ब्रिटिश संसदेत येणार होता, तर त्याला हीथ्रोवरून माघारी पाठवले. स्वतः कुराणावर बंदी मागणारा हा गृहस्थ अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा हुतात्मा बनून घरी गेला! एरवी त्याचे नावही न ऐकलेल्यांना त्या आठवड्यात ते पाठ झाले. मला तो माणूस मुळीच आवडत नाही, तरी त्याला अडवणे चूकच होते.

प्रत्यक्ष हिंसेची चिथावणी देणाऱ्याला, गुन्हेगारी टोळीच्या माणसाला जरूर अडवा. त्याबद्दल कोणाची तक्रार असायचे कारण नाही. परंतु विल्डर्सच्या प्रकरणातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. ब्रिटनच्या गृहखात्याने त्याला आधी पत्र पाठवले होते, कारण नमूद करून. त्या निर्णयाविरुद्ध तो न्यायाधिकरणात गेला, ऑक्टोबर २००९ मध्ये जिंकला आणि त्याच महिन्यात लंडनला येऊनही गेला. आकाश काही कोसळले नाही.

आपल्याकडे मात्र परकीय नागरिकांविषयीचा २०२५ चा नवा कायदा प्रवेशाबाबत इमिग्रेशन अधिकाऱ्याचाच शब्द अंतिम मानतो. निमंत्रण देणाऱ्या विद्यापीठाने वा राज्य सरकारने दाद मागायची कुठे? निदान परत पाठवण्याचे कारण दोन ओळींत लिहून, सही-शिक्क्यानिशी पाहुण्याच्या आणि यजमानाच्या हातात द्यावे. साधा कर्जाचा अर्ज नाकारतानाही बँकेत आम्ही तेवढे करत होतो.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, डोंबिवली