अनुदान जुने, भाव नवे

जून 2015 मध्ये शहरांसाठी प्रधानमंत्री आवास योजना सुरू झाली, तेव्हा भागीदारीतल्या परवडणाऱ्या घरामागे केंद्राने दीड लाख रुपये ठरवले. महाराष्ट्राने त्यात एक लाख घातले. सप्टेंबर 2024 मध्ये योजनेचा दुसरा टप्पा आला. आकडा तोच, अडीच लाख. मधल्या नऊ वर्षांत सिमेंट, सळई, मजुरी सगळेच महागले. बांधकामाची दरसूची सरकार वेळोवेळी सुधारते, स्वतःचा हिस्सा मात्र जागचा हलवत नाही.

कल्याण-डोंबिवलीने हा चटका आधीही सोसला आहे. 2005 च्या नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानातल्या ‘बीएसयूपी’ योजनेत झोपडीवासीयांना किमान 25 चौरस मीटरचे घर मिळायचे होते. केंद्राचा वाटा मंजूर खर्चावर बेतलेला होता. जागा मोकळी करण्यात आणि पात्रतेच्या याद्यांत वर्षे गेली, भाव चढले आणि वाढीव बोजा पालिकेच्या गळ्यात पडला. ठरलेल्या घरांची संख्या कापावी लागली. कचोरे, पाथर्ली, उंबर्डे या भागांत जी उभी राहिली, त्यांतलीही हजारो घरे वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिली, आणि शेजारीच माणसे पत्र्याखाली पावसाळे काढत होती!

खर्च आवरायचा म्हणून मग स्वस्त जमिनीकडे धाव घेतली जाते. म्हाडाची खोणी आणि शिरढोणची घरे कल्याण तालुक्याच्या कडेला आहेत. किंमत वीस लाखांच्या आसपास, आणि रोजचा प्रवास वेगळा. योजनेच्या तीन लाखांच्या वार्षिक उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्याला एवढे कर्ज कोणती बँक देणार? मुंबई महानगर प्रदेशासाठी ही उत्पन्नमर्यादा 2023 मध्ये सहा लाखांवर नेली; तसे करणे भागच होते.

सरकारी घर आवाक्याबाहेर गेले की माणूस मिळेल त्या भिंतींचा आसरा घेतो. शिळ येथील ‘लकी कंपाउंड’ची बेकायदा इमारत 4 एप्रिल 2013 रोजी कोसळली, 74 जीव गेले. डोंबिवली परिसरात बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. तिथल्या अनेक कुटुंबांनी आयुष्यभराची पुंजी घातली होती.

खर्चाला मर्यादा हवीच. नाहीतर ठेकेदाराला रान मोकळे. पण अनुदान दरवर्षी दरसूचीबरोबर हलले पाहिजे, आणि नळजोडणी, रस्ता, बससेवा यांचा खर्च घराच्या मूळ अंदाजपत्रकातच धरला पाहिजे. त्याआधी पालिकेने आपल्या रिकाम्या घरांची यादी वॉर्डनिहाय जाहीर करावी.