बॅज आणि पंधरा नावं

आमच्याकडे येऊन गेलेल्या समस्त काका-मावश्यांना हे ठिकाण आठवत असेल. डॅलसहून ऑस्टिनला जाताना आय-३५ वर, वेको गावात, ब्राझोस नदीच्या काठी टेक्सास रेंजर्सचं म्युझियम आहे. १९६८ साली उघडलेलं. वाटेत पाय मोकळे करायला सोयीचं, म्हणून पाहुण्यांना घेऊन मी तिथे बऱ्याचदा गेलोय. आणि बाहेर पडताना दर वेळी एकच प्रश्न मनात येतो. पोलीस दलाचा इतिहास सांगताना, त्या दलाच्या हातून मेलेल्या निरपराध माणसांना किती जागा द्यायची?

१८२३ साली स्टीफन ऑस्टिनने वसाहतीच्या रक्षणासाठी दहा माणसं नेमायचं ठरवलं, तिथून रेंजर्स आपला जन्म मोजतात. सरहद्दीवरचे घोडेस्वार, कोल्ट कंपनीची रिव्हॉल्व्हरं, तारा कोरलेले बॅज, १९३४ मध्ये बोनी आणि क्लाइडला गाठणारा फ्रँक हेमर... पोरं तर काचेला नाक लावून उभी राहतात. मलाही हे सगळं आवडतं, खोटं कशाला बोलू? डाकू आणि ठाकूरचे सिनेमे बघत वाढलेली पिढी आमची!

पण मंडळी, ह्याच इतिहासात पोर्व्हेनीर नावाचं एक खेडं आहे. स्पॅनिशमध्ये ह्या शब्दाचा अर्थ भविष्यकाळ. रिओ ग्रांदे नदीकाठची ही मेक्सिकन वंशाच्या शेतकऱ्यांची वस्ती. डिसेंबर १९१७ मध्ये जवळच्या एका रँचवर दरोडा पडला आणि संशय ह्या लोकांवर आला. २८ जानेवारी १९१८ च्या रात्री रेंजर्स आले, लष्कराचे सैनिकही बरोबर होते. पंधरा पुरुष आणि मुलगे घरांतून बाहेर काढले आणि गोळ्या घातल्या. सगळ्यात लहान सोळा वर्षांचा. बाकीचं गाव नदी ओलांडून मेक्सिकोत पळालं. मेलेल्यांची नावं लिहून ठेवली ती हॅरी वॉरेन नावाच्या शाळामास्तराने. त्याचा सासराही त्या पंधरांत होता.

असं काही बोललं की लगेच उत्तर येतं, "अरे, तो काळच तसा होता. आजच्या फूटपट्टीने मोजू नये."

ठीक आहे, त्या काळाच्या फूटपट्टीने मोजू. त्याच वर्षी गव्हर्नरने ती रेंजर कंपनी बरखास्त केली आणि पाच जणांना काढून टाकलं. खटला मात्र कुणावरच चालला नाही. १९१९ मध्ये होसे टोमास कनालेस ह्या आमदाराने रेंजर्सच्या अत्याचारांची विधिमंडळात चौकशी लावली. विधिमंडळात मेक्सिकन वंशाचा तो एकटाच. चौकशीआधी त्याला धमकावलं कुणी? ह्याच फ्रँक हेमरने! तरीही कनालेस मागे हटला नाही, आणि शेवटी रेंजर्सची संख्या कमी करावी लागली. साक्षींची हजाराहून जास्त पानं मात्र १९७० च्या दशकापर्यंत लोकांच्या नजरेआड राहिली.

म्हणजे हा अन्याय आहे हे त्या काळाला कळत होतं. विसरण्याचं काम नंतरच्यांनी केलं.

हळूहळू बदलही होतोय. २०१६ मध्ये ऑस्टिनच्या राज्य इतिहास म्युझियमने सरहद्दीवरच्या त्या दशकाचं प्रदर्शन भरवलं. २०१८ मध्ये मार्फा गावाजवळ हायवेवर पोर्व्हेनीरचा फलक लागला. पण हायवेवरचा फलक वाचायला गाडी थांबवतो कोण? गर्दी वेकोला होते. म्हणून ती पंधरा नावं वेकोलाच हवीत, आणि तीही कोपऱ्यात नकोत. कोल्ट आणि बॅज जिथे आहेत त्याच दालनात, त्याच उंचीवर, तेवढ्याच उजेडात हवीत. हेमरच्या पराक्रमाशेजारी कनालेसची गोष्ट हवी.

रेंजर्सचा आजचा बॅज मेक्सिकोच्या पाच पेसोच्या चांदीच्या नाण्यातून कापतात. ह्याचा त्यांना अभिमान आहे, असायलाही हरकत नाही. पण ज्यांची चांदी छातीवर मिरवायची, त्यांची मेलेली माणसं भिंतीवर मावत नसतील तर म्युझियमला इतिहास तरी कशाला म्हणायचं? त्याला फार तर सत्कार म्हणता येईल.

तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा. आणि पुढच्या खेपेला येणाऱ्या पाहुण्यांनो, वेकोला थांबणार आहोतच. पण गाडीत बसल्यावर पोर्व्हेनीरची गोष्ट ऐकावी लागेल, आधीच सांगून ठेवतो.