कर्करोग पसरण्याआधी गाठायला हवा

शहापूर आणि मुरबाडच्या गावपाड्यांत तंबाखू-चुना आणि मशेरी ही नेहमीचीच गोष्ट. तोंडातला पांढरा चट्टा किंवा न भरणारा व्रण सुरुवातीला फारसा दुखत नाही, म्हणून तो अंगावर काढला जातो. पुढे मानेत गाठ लागते, तेव्हा परळची वाट धरावी लागते. व्रणापासून मानेतल्या गाठीपर्यंत आत काय घडते, हे समजले की उशीर का महाग पडतो ते कळते.

तोंडाच्या अस्तरातील पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. ‘ई-कॅडहेरिन’ हे प्रथिन शेजारच्या पेशीवरील त्याच प्रथिनाशी जोडले जाते आणि पेशीच्या आतून ‘बीटा-कॅटेनिन’ त्याला आधार देते. कर्करोगाच्या काही पेशींत ‘स्नेल’, ‘ट्विस्ट’ यांसारखी प्रथिने ई-कॅडहेरिनच्या जनुकाला लगाम घालतात. पकड सुटते, पेशी आकार बदलून सरकू लागते आणि लसिकावाहिन्यांतून मानेतील ग्रंथींत पोहोचू शकते. हा बदल कायमचा नसतो. नव्या जागी ती पुन्हा जुने रूप घेऊन गाठ वाढवू शकते. त्यामुळे एखाद्याच प्रथिनाला अडवून हा प्रसार थांबवणे अवघड ठरते.

पेशींना जोडणाऱ्या आणखी एका प्रथिनावर नवी मुंबईत काम झाले आहे. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये सोराब दलाल यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवले, की ‘प्लाकोफिलिन-३’ कमी केल्यावर पेशींचा चिकटपणा घटतो आणि उंदरांत कर्करोगाचा प्रसार वाढतो.

रुग्णांवरील पुरावाही परळच्या टाटा रुग्णालयाचाच आहे. मुखकर्करोगाच्या सुरुवातीच्या टप्प्यात, मानेत गाठ जाणवत नसतानाही तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच ग्रंथी काढलेल्यांपैकी ८० टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. हा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा अर्थ असा, की गाठ हाताला लागण्याआधीच काही रुग्णांत पेशी बाहेर पडलेल्या असतात.

सुटलेली पकड पुन्हा जुळवणारे औषध आज रुग्णांच्या हाती नाही. म्हणून तीस वर्षांवरील नागरिकांसाठी असलेल्या सरकारी मुखतपासणीचे मोल मोठे. मुरबाडहून एसटी, आसनगावहून लोकल आणि बुडालेली मजुरी हा हिशेब रुग्णाला रोखतो. तेव्हा तपासणी पाड्यापर्यंत जायला हवी. दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण दुखत नसला तरी दाखवावा आणि तंबाखू आजच सोडावी.