त्यालाच बोलू द्यावे

वरणगावच्या बाजारपेठेतील सायंकाळ. गल्ल्यावर वडील, शेजारी शाळेतून नुकताच आलेला नववीतील मुलगा. ओळखीचे गिऱ्हाईक आपुलकीने विचारते, "काय रे, गणित कसे चालले आहे?" मुलगा तोंड उघडण्यापूर्वीच वडील सांगतात, "गणित काही त्याला जमायचे नाही." मुलगा कसनुसा हसून मान खाली घालतो. वडिलांच्या बोलण्यात दुष्टावा मुळीच नसतो. परंतु अशा लहानसहान वाक्यांतूनच मुलाचे स्वतःविषयीचे मत बनत जाते.

"हे काम मला करता येईल" या विश्वासाचा सिद्धान्त मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडला. स्वक्षमतेवरील हा विश्वास म्हणजे मोघम आत्मविश्वास नव्हे. दुकानात तोंडी हिशेब करणारा मुलगा वर्गात फळ्यापुढे अडखळतो, तो याचमुळे. या विश्वासाचे चार उगम बांडुरा सांगतात : स्वतः काम तडीस नेल्याचा अनुभव, आपल्यासारख्याच दुसऱ्याचे यश पाहणे, विश्वासातील माणसाचे प्रोत्साहन आणि शरीर-मनाची त्या वेळची अवस्था. यांत पहिला सर्वांत बलवान होय.

याचा संबंध केवळ गुणपत्रिकेशी नाही. बांडुरा व त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी तेथील शाळकरी मुलांचा केलेला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यास आणि मनावरील ताबा आपल्याला साधतो असे मानणारी मुले इतरांना अधिक साहाय्य करतात व सवंगड्यांत अधिक सामावली जातात, असे त्यात आढळले. ज्याला स्वतःचीच खात्री नाही, तो एक तर कोपरा धरतो किंवा दांडगाई करून आपले उणेपण झाकतो.

महाराष्ट्रात हे तत्त्व त्यापूर्वीच आचरणात आले होते. कुंभोज येथे जैन कुटुंबात १८८७ साली जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राहत, एका पंक्तीत जेवत आणि अंगमेहनत करून शिकत. "कमवा आणि शिका" या मार्गाने त्यांना फुकटची दया मिळाली नाही, तर स्वतःच्या हातांची ओळख पटली. आणि शेजारच्या मुलाच्या श्रमांचा आदरही त्याच अंगणात रुजला.

व्यापारी घरात ही शाळा दाराशीच असते. आठवड्यातून एक दिवस रोजमेळ मुलाने लिहावा, मुलीनेही लिहावा. चूक झाल्यास ती गिऱ्हाइकांसमोर न काढता दुकान वाढविल्यावर शांतपणे दाखवावी आणि दुरुस्ती त्यांच्याच हातून करवून घ्यावी. "हुशार आहेस" या मोघम स्तुतीपेक्षा "आज बेरीज तू स्वतः पडताळलीस" हे शब्द अधिक कामास येतात. पाठशाळेत धाकट्यांना एखादा धडा समजावून देण्याचे काम थोरल्यांकडे द्यावे. शिकविणाऱ्याचा विश्वास वाढतो आणि दुसऱ्यासाठी थांबण्याची सवयही लागते.

आणि पुढच्या वेळी गिऱ्हाइकाने मुलाला प्रश्न विचारला, तर वडिलांनी क्षणभर गप्प राहावे. उत्तर अडखळत येईल, कदाचित अपुरे येईल. पण ते त्याचे स्वतःचे असेल.