अठराव्या वर्षानंतरचे अनाथपण

बालगृहातील अनाथ, बौद्धिक दिव्यांग मुलाचा अठरावा वाढदिवस त्याच्यासाठी बेघर होण्याचा दिवस ठरू शकतो. बाल न्याय कायदा, २०१५ नुसार अठरा वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती ‘बालक’ राहत नाही. मात्र ज्याला घास भरवावा लागतो, त्याची गरज त्या दिवशी संपत नाही.

विसंगती एवढ्यावरच थांबत नाही. रेल्वे स्थानकावर सापडलेल्या मुलाची जन्मतारीख अनेकदा कोणालाच ठाऊक नसते. कागदपत्रे नसल्यास वैद्यकीय तपासणीवरून वय ठरविण्याची तरतूद कलम ९४ मध्ये आहे. या अंदाजी वयावरच पुढे निवाऱ्याचा निर्णय अवलंबून राहतो.

कायद्याने पुढचा विचार केलेलाच नाही, असे नव्हे. कलम ४६ मध्ये अनुरक्षणाची तरतूद असून ती २१, अपवादात्मक परिस्थितीत २३ वर्षांपर्यंत लागू होते. परंतु तरुण काही शिकेल, नोकरी मिळवील व स्वतःच्या पायावर उभा राहील, हे तिचे गृहीतक आहे. तीव्र अपंगत्व असलेल्यांच्या बाबतीत ते फोल ठरते.

दुसरा मार्ग राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ चा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी स्थानिक स्तर समिती पालक नेमू शकते. नोंदणीकृत संस्थाही त्यासाठी अर्ज करू शकते. पण पालकत्वाने सहीचा प्रश्न सुटतो, छपराचा नाही. प्रौढांच्या निवासासाठी न्यासाची ‘घरौंदा’ योजना आहे. ती मात्र स्वयंसेवी संस्था पुढे येण्यावर विसंबून आहे.

अमरावती जिल्ह्यातील वज्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अशा मुलांना अठरा वर्षांनंतरही घर दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बेवारस दिव्यांगांच्या आजीवन पुनर्वसनासाठी कायदा करा, ही त्यांची जुनी मागणी आहे. गौरव व्यक्तीचा झाला. तिच्या मागणीचे काय, हा प्रश्न उरतोच.

बालगृहे महिला व बालविकास खात्याकडे आहेत, तर दिव्यांगांसाठी राज्याने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र विभाग स्थापला. या दोहोंमधील सांध्यावरच मुले निसटतात. सोळाव्या वर्षीच दिव्यांग प्रमाणपत्र, पालकत्वाचा अर्ज व पुढील निवासाची निश्चिती सुरू करून ती जबाबदारी एका अधिकाऱ्यावर टाकणे अवघड नाही. पुढचे दार उघडल्याची खात्री होईपर्यंत मागचे दार लावू नये, एवढा साधा नियम शासनाने करावयास हवा.