दंडाची माफी ही भीक नव्हे

कर देण्यास आमचा कुणबी किंवा कारागीर सहसा नाही म्हणत नाही. घरी पैसा नसेल तेव्हाच त्याचा हात आखडतो. पण कर निराळा व करावर चढविलेला दंड निराळा, हे त्यास कोणी समजावून सांगत नाही. मागणीच्या कागदावर दोन्ही रकमांची एकच बेरीज येते. ती पाहून तो बिचारा घाबरतो. मग एक तर सावकाराचे दार धरतो, नाहीतर कागद आढ्यास खोचून गप्प बसतो. लेखणीवाल्यांस दोन्ही सोयीचे. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा कुणबी कचेरीत नाडला जात होता तो अक्षरशत्रू म्हणून. आज त्याचा मुलगा दहावी झालेला आहे, तरी त्या कागदावरील बारीक ओळी घरात कोणी वाचीत नाही, याचे आम्हांस फार वाईट वाटते.

त्या ओळींमागे कायदा काय आहे तो पाहा. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १७४. महसुलाचा हप्ता मुदतीत न आल्यास थकलेल्या रकमेच्या चौथाईपर्यंत दंड बसविता येतो, पण तो जाणूनबुजून थकविणारावर. चौथाईपर्यंत म्हटले आहे, पुरी चौथाईच असे म्हटलेले नाही. बसविता येतो म्हटले आहे, बसविलाच पाहिजे असे म्हटलेले नाही. आणि सरकारनेच ज्या हप्त्याची वसुली तहकूब केली, त्यावर तहकुबीच्या काळाचा दंड मुळीच नाही. आता आम्ही विचारतो, ज्याचे सोयाबीन शेतात कुजले, ज्याने दावणीचा बैल विकला, त्याने जाणूनबुजून थकविले हे ठरविले कोणी? त्यास समोर बोलाविले काय? त्याचा जबाब लिहून घेतला काय? कचेरीत बसून एका रकान्यात आकडा भरला म्हणजे मनुष्य लबाड ठरतो काय?

हा तंटा आजचा नव्हे. खेडा जिल्हा तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होता. पीक चार आणे किंवा त्याहून कमी असेल तर सारा तहकूब व्हावा असा नियम होता. १९१८ साली रयत म्हणे पीक चार आण्यांच्या आत आहे, अंमलदार म्हणत जास्त आहे. चौथाईच्या नोटिसा निघाल्या, गुरेढोरे जप्त झाली. अखेर ज्यांस देण्याची ताकद आहे त्यांनी द्यावे व गरिबांचा सारा तहकूब राहावा, येथवर सरकारास यावे लागले. आता आणेवारीची पैसेवारी झाली असून महाराष्ट्रात ५० पैशांच्या आतील गावास जमीन महसुलात सवलत मिळते. पण आपल्या गावची पैसेवारी किती लागली हे चावडीवर जाऊन विचारणारे किती निघतील?

न विचारल्याचा परिणाम काय होतो, ते ‘आकारी पड’ जमिनींनी दाखविले. साऱ्याची बाकी राहिली, लिलावास कोणी बोली केली नाही, म्हणून सरकारने नाममात्र बोलीने जमीन आपल्या नावे करून घेतली. बाकी, व्याज व दंड भरून ती सोडविण्यास १२ वर्षांची मुदत होती. आपली जमीन सरकारजमा झाली आहे हे पुष्कळांच्या वारसांस सातबारा काढीपर्यंत ठाऊक नव्हते. २ जानेवारी २०२५ रोजी मंत्रिमंडळाने कलम २२० दुरुस्त करून या जमिनी परत देण्याचे ठरविले, पण चालू बाजारभावाच्या ५ टक्के भरल्यावर! बाकी होती साऱ्याची, सोडवणूक बाजारभावाने. हा कोणता हिशेब?

शहरातील कोष्टी, सुतार, चांभार यांची गोष्ट वेगळी नाही. मालमत्ता कर थकला की नगरपालिका दरमहा शेकडा २ शास्ती लावते. ५,००० रुपये बाकीवर महिना १०० रुपये. ३ वर्षांत ३,६०० रुपये. परवानाधारक सावकारास याच राज्याने २०१४ साली मर्यादा घातली ती शेतकऱ्यास तारणावर वर्षास ९ टक्के, बिनतारणी १२. इतरांस १५ व १८. म्हणजे सावकाराने १८ च्या वर घेतले तर गुन्हा, आणि नगरपालिकेने २४ घेतले तर कायदा! शिवाय १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात ही शास्ती माफ करण्याची सोयच नव्हती. ती करण्याचे मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये ठरविले. साठ वर्षे कोणाच्या ध्यानात आले नाही, असे समजावयाचे काय?

काही शहाणे म्हणतात, माफीने लोक बिघडतात, वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो. यात अर्धे खरे आहे. हल्लीच्या ‘अभय योजना’ आम्हांसही पसंत नाहीत. एकरकमी मूळ कर भरा म्हणजे शास्तीत इतके टक्के सूट, असा त्यांचा बहुधा घाट असतो. एकरकमी भरणार कोण? ज्याचा बंगला आहे, गाळे भाड्याने दिले आहेत, आणि पुढे अभय निघणारच म्हणून जो मुद्दाम थांबला आहे तो. खरा जाणूनबुजून थकविणारा हाच, आणि टक्क्यांची मोठी सूटही त्यालाच. विणकराच्या विधवेस हप्ते बांधून मिळत नाहीत. माफी पाहिजे ती अडचण पाहून, बाकीचा आकडा पाहून नव्हे. मात्र लोक एकजुटीने मागतात तेव्हा ती मिळतेही. पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांनी अनधिकृत घरांवरील शास्तीकराविरुद्ध वर्षानुवर्षे ओरड केली, तेव्हा कोठे २०२३ साली तो माफ झाला.

तेव्हा बंधूंनो, दंड माफ करून देतो म्हणून निम्मे पैसे मागणाऱ्या दलालास उंबऱ्याबाहेर ठेवा. अर्ज साध्या मराठीत लिहा. खाते क्रमांक, कोणत्या वर्षाची बाकी, मूळ रक्कम किती व दंड किती हे वेगवेगळे मांडा. पीक बुडाले असेल तर पंचनाम्याची नक्कल, आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद जोडा. ‘जाणूनबुजून थकविलेले नाही’ हे शब्द अर्जात अवश्य घाला, आणि दंड कोणत्या कारणाने बसविला याचा लेखी हुकूम मागा. मूळ कर भरता येत असेल तर भरून पावती जोडा. येत नसेल तर हप्ते मागा. तहसीलदाराचा हुकूम विरुद्ध गेला तर ६० दिवसांत प्रांताकडे अपील आहे. तारीख भिंतीवर खडूने लिहून ठेवा. कारकून पोच देत नसेल तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. ज्यास लिहिता येत नाही त्याने आपल्या गावच्या शिक्षकाकडे जावे. तो नाही म्हणाला तर आम्हांस कळवावे.