लहरींचा पाणवठा कोणाचा?

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात केदारखेडा नावाचे गाव आहे. कापूस, मका आणि सोयाबीन यांवर पोट असणाऱ्या या मुलखातील शेतकऱ्याला किंवा शेतमजुराला भारताचा क्रिकेट सामना पाहावयाचा असेल, तर त्याने कोणाला व कशासाठी पैसे मोजावेत? हमीभाव, पीकविमा आणि रोजगार हमी यांच्या रांगेत हा प्रश्न मांडला तर काही साथींना तो क्षुल्लक वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. सार्वजनिक मालमत्ता खाजगी तिजोरीत कशी जाते, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

एक काळ असा होता की खेळ ऐकावयास पैसे पडत नसत. आकाशवाणीवरून बाळ ज. पंडित यांनी मराठीत केलेले धावते वर्णन चावडीवर आणि चहाच्या टपरीवर सारखेच ऐकू येई. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि २५ जून १९८३ रोजी लॉर्ड्सवरील विश्वचषकाचा अंतिम सामना दूरदर्शनवर दिसला. सरकारी मक्तेदारीचे दोष आम्ही विसरलेलो नाही. आणीबाणीत या माध्यमांनी सत्तेची कशी चाकरी केली हे देशाने पाहिले आहे. परंतु मक्तेदारीवरील उपाय म्हणून जे आले, ते लोकांचे राज्य नव्हते.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि गल्लोगल्ली केबलच्या तारा लोंबू लागल्या. अमेरिकेने हा मार्ग आधीच आखून दिला होता. टेड टर्नर या उद्योगपतीने १९७६ साली अटलांटाचा बेसबॉल संघ विकत घेतला आणि त्याच वर्षी आपले स्थानिक दूरचित्रवाणी केंद्र उपग्रहावर चढवून देशभरच्या केबलजालात सोडले. संघही त्याचा, पडदाही त्याचा. खेळ हा वाहिनी खपविण्याचा माल होऊ शकतो, हा धडा आपल्याकडील मंडळींनी पुरता गिरविला.

१९९३ सालच्या हीरो चषकाचे प्रक्षेपण-हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीस विकले. सरकारने आडकाठी केली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने निकाल दिला : लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यांवर ना सरकारची मक्तेदारी चालेल, ना धनिकांची, त्यांच्या नियमनासाठी समाजाच्या सर्व थरांचे प्रतिनिधित्व करणारे स्वायत्त मंडळ हवे. १९९७ साली प्रसार भारती अस्तित्वात आली, पण तिचा अधिकार आकाशवाणी व दूरदर्शनपुरताच. सर्व लहरींची राखण करणारे मंडळ अद्याप जन्मास यावयाचे आहे. सरकारची मक्तेदारी मोडली एवढे निकालाचे अर्धे अंग बाजाराने उचलले. उरलेले अर्धे धूळ खात पडले.

परिणाम लवकरच दिसला. २१ जानेवारी २००७ रोजी नागपुरास भारत-वेस्ट इंडीज सामना झाला. हक्क घेतलेल्या कंपनीने प्रक्षेपण देण्यास नकार दिल्यामुळे दूरदर्शनवर तो थेट दिसला नाही. सामना विदर्भाच्या मातीवर, पण केबल नसलेल्या विदर्भातील खेड्याला तो पारखा! या संतापातून त्याच वर्षी कायदा झाला आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शनला देणे बंधनकारक ठरले. मिळकतीचे चार भाग करून तीन हक्कधारकाला व एक प्रसार भारतीला, असा वाटाही ठरला. कायदा चांगला होता, परंतु २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ आकुंचित केला. मिळालेले प्रक्षेपण दूरदर्शनने आपल्या जमिनीवरील प्रक्षेपकांवरून आणि मोफत डिशवरूनच दाखवावे, केबलवरून नव्हे, असा तो निर्णय. पुढे २०२२ पर्यंत जमिनीवरील बहुतेक प्रक्षेपकही बंद करण्यात आले. म्हणजे दूरदर्शन घरात आहे, त्यावर सामनाही आहे, पण ते केबलवरून येते म्हणून सामना तेवढा वगळावयाचा! त्या घराने तोच सामना पाहण्यासाठी खाजगी वाहिनीला दरमहा वेगळे पैसे द्यावयाचे.

दुसरीकडे आकडे पाहा. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे प्रक्षेपण-हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. दूरचित्रवाणीचे हक्क एका कंपनीस, इंटरनेटचे दुसरीस. पण २०२४ च्या नोव्हेंबरात त्या दोन्ही व्यवसायांचे विलीनीकरण झाले आणि स्पर्धेचा डांगोरा पिटणाऱ्या बाजारात गिऱ्हाइकासमोर एकच दुकान उरले. २०२३ साली याच सामन्यांची मोबाइलवर फुकट खिरापत वाटली गेली होती. सावकारही पहिले कर्ज हसतमुखानेच देतो.

कोणी म्हणेल, क्रिकेट ही चैन आहे. ज्याला परवडेल त्याने पाहावी. हा युक्तिवाद आम्ही धिक्कारतो. श्रमणाऱ्या माणसाला भाकरीबरोबर विरंगुळ्याचाही हक्क आहे. शिवाय हा खेळ मोठा झाला तो कोणामुळे? जालन्यासारख्या गावातून विजय झोल हा तरुण पुढे आला आणि २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला. खेळाडू गावांनी द्यावेत, प्रेक्षक गावांनी द्यावेत, आणि मिळकतीवर मात्र मुंबईतील मंडळाने व मूठभर कंपन्यांनी बसावे, हा कोणता न्याय?

१९७०च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही मोहीम चालविली. पाणी कोणा एका जातीचे नव्हे, हे तिचे सांगणे होते. लहरी हाही एक पाणवठाच आहे. फरक इतकाच की तेथे आज जातीऐवजी पैसा पहारा देत बसला आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. २००७ च्या कायद्यात दुरुस्ती करून राष्ट्रीय महत्त्वाचे सामने केबलवरील दूरदर्शनवरही दाखविण्याची तरतूद व्हावी. १९९५ च्या निकालातील स्वायत्त मंडळ स्थापन व्हावे आणि त्यात शेतकरी, कामगार व स्त्रिया यांचे प्रतिनिधी असावेत. क्रिकेट मंडळ माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत यावे. सह्याद्री वाहिनीवरून मराठीत धावते वर्णन मिळावे.

कार्यकर्त्यांनी हे ठराव ग्रामसभांत मांडावेत. आरंभ केदारखेड्यासारख्या गावांपासून व्हावा. गावाने मागितले नाही, तर दिल्लीला ऐकू येण्याचे काहीच कारण नाही.